मत्तयाचा अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा : मराठी मंडळ्यांच्या पाळकांस व वडीलवर्गास खुले पत्र

ख्रिस्तात आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन, डीकन आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, जालना, नाशिक, मुंबई अशा ठिकठिकाणच्या आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये एखाद्या सभासदाचे पाऊल घसरले की त्याच्याशी कसे वागावे हा प्रश्न वरचेवर उभा राहतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या एका बैठकीत, एका ठरावाने आणि बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील सतराव्या वचनाने दिले जाते. मंडळीचेही त्याने ऐकले नाही तर तो तुला परराष्ट्रीयासारखा व जकातदारासारखा होवो, एवढे वाचून विषय संपतो. मी एक साधी सभासद आहे, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. परंतु शब्बाथ शाळेत मुलांना हाच अध्याय वर्षानुवर्षे शिकवत आले आहे आणि महिला मंडळाबरोबर घरभेटींना जात आले आहे. त्या बळावर आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की हा अध्याय सतराव्या वचनापासून नव्हे तर पहिल्या वचनापासून वाचावा, आणि मंडळीच्या शिस्तीचा कोणताही निर्णय घेताना प्रभूने ज्या क्रमाने शिकवले तो क्रम मोडू नये.

अध्यायाची सुरुवात कोणाच्या पापाने होत नाही, ती पुढाऱ्यांच्या प्रश्नाने होते. स्वर्गाच्या राज्यात सर्वांत मोठा कोण, असे शिष्य विचारतात. ज्यांच्या हाती पुढे मंडळी सोपवली जायची होती त्यांनीच हा प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरादाखल येशूने एका लेकराला बोलावून त्यांच्या मध्ये उभे केले. त्या काळच्या समाजात लेकराला मान नव्हता, त्याच्या शब्दाला वजन नव्हते, त्याची साक्ष कोणी घेत नव्हते. तुम्ही फिरून या लेकरासारखे नम्र झाला नाहीत तर मोठे होण्याची गोष्ट दूरच, राज्यात प्रवेशही होणार नाही, असे प्रभूने सांगितले. आपल्याकडे कमिटीच्या निवडणुका ज्या ईर्षेने लढवल्या जातात, मिळकतीचे वाद जसे धर्मादाय आयुक्तांपुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात, ते पाहणाऱ्या कोणालाही शिष्यांचा तो प्रश्न परका वाटणार नाही. म्हणून मला असे वाटते की शिस्तीच्या बैठकीचे पहिले काम आरोपीचे नाव घेणे हे नाही. बैठकीला बसलेल्यांपैकी प्रत्येकाने त्या लेकरापुढे उभे राहणे हे आहे.

त्यापुढची वचने कठोर आहेत, आणि ती कठोरता कोणाकडे रोखलेली आहे हे नीट पाहिले पाहिजे. या लहानांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे प्रभू म्हणतो. आणि ती तळी घरच्या जात्याची नाही, गाढव जुंपून फिरवायच्या मोठ्या जात्याची आहे. हात अडखळवत असेल तर तो तोडून टाक, डोळा अडखळवत असेल तर तो उपटून टाक, असे तो म्हणतो, आणि तो हात व तो डोळा ऐकणाऱ्याचा स्वतःचा आहे. दुसऱ्याचा हात तोडण्याचा अधिकार या अध्यायात कोणालाही दिलेला नाही. कठोर व्हायचे ते स्वतःशी आणि दुर्बलांना पाडणाऱ्या बलवानांशी. जो भटकला त्याच्याविषयी मात्र याच अध्यायात शोधण्याची, सापडण्याची आणि आनंदाची भाषा येते. आपण हे नेमके उलटे करून ठेवले आहे. स्वतःच्या बाबतीत आपण समजूतदार असतो, बलवानांच्या बाबतीत सावध असतो, आणि सारी कठोरता ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा माणसासाठी राखून ठेवतो.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण लूकच्या पंधराव्या अध्यायातून जास्त ऐकतो. तेथे तो येशूविरुद्ध कुरकुर करणाऱ्या परूशी व शास्त्री या धर्मपुढाऱ्यांना उद्देशून आहे, त्यामुळे तो ऐकताना आपण त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. मत्तयामध्ये तोच दृष्टान्त शिष्यांना, म्हणजे पुढे पाळक होणाऱ्यांना सांगितलेला आहे, आणि त्याच्या अगोदरचे वाक्य असे आहे की या लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नका, कारण त्यांचे देवदूत माझ्या पित्याचे मुख सदोदित पाहत असतात. दृष्टान्ताचा शेवटही तेच सांगतो : या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी तुमच्या स्वर्गातील पित्याची इच्छा नाही. येथे एक शंका नेहमी काढली जाते, आणि ती प्रामाणिक आहे. एकासाठी नव्याण्णवांना डोंगरावर सोडून जाणे शहाणपणाचे कसे? आपल्या नगर आणि पुणे जिल्ह्यांतील धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात तेव्हा एकटा माणूस एकटा कळप नेत नाही. अनेक घरांचा मिळून वाडा असतो, आणि एक जण हरवलेल्या मेंढराच्या शोधात मागे फिरला तर बाकीचे उरलेल्या कळपाकडे पाहतात. मंडळी म्हणजे असा वाडा झाली पाहिजे. एकटा पाळक शंभर घरांमागे धावेल अशी अपेक्षा धरणे हा पाळकावरही अन्याय आहे. वडीलवर्ग नेमला जातो तो याच कामासाठी, केवळ दानार्पणाचा हिशोब ठेवण्यासाठी आणि रविवारी पुढच्या बाकावर बसण्यासाठी नव्हे.

इतके सगळे सांगून झाल्यावर पंधरावे वचन येते. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच एकत्र असताना त्याची चूक त्याला दाखव. नाही ऐकले तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही ऐकले तर मंडळीला कळव. तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर चालत जायचे आहे ते अपराध्याने नाही, तर ज्याला त्याची काळजी आहे त्याने. आता आपल्याकडे काय घडते ते पाहावे. अपराध झाला आहे हे मंडळीला प्रथम कळते, कारण गावभर बोलणे होते. मग कमिटीत ठराव होतो. मग एखादा निरोप जातो किंवा वेदीवरून सूचनांच्या वेळी नाव वाचले जाते. आणि ज्याचे नाव वाचले त्याच्या दाराशी तोपर्यंत कोणीही गेलेले नसते.

एक प्रसंग मी जवळून पाहिला. मंडळीचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असे कोठेही घडू शकते. एका विधवा बाईंच्या मुलीने मंडळीबाहेरच्या मुलाशी देवळात लग्न केले. आई लग्नाला गेली. पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी उपासना सुरू होण्याआधी एक गृहस्थ त्यांच्या बाकापाशी वाकून हळूच म्हणाले, "बाई, आज तुम्ही घेऊ नका, कमिटीचं तसं ठरलंय." भाकरीचे ताट रांगेतून फिरत आले, तेव्हा शेजारच्या मुलीने सवयीने ते त्यांच्यापुढे धरले. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान खाली घातली. मुलीला काही कळेना, ती ताट तसेच धरून उभी राहिली, शेवटी मागच्या बाकावरच्या कोणीतरी हात लांब करून ते पुढे घेतले. त्यानंतर त्या बाई उपासनेला आल्या नाहीत. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, नातेवाइकांची चौकशी केली, आणि निघताना एवढेच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की लेक चुकली असेल, पण त्या दिवशी तिला एकटी कशी सोडू?" पुढे रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे गैरहजर अशी नोंद झाली. मंडळीने बाहेर घालवले असा शब्द कोठेही लिहिलेला नाही, आणि म्हणून त्याचे उत्तरही कोणाला द्यावे लागत नाही.

मुलीच्या निर्णयाविषयी मंडळीचे काही म्हणणे असू शकते, ते मी समजू शकते. परंतु आईने काय केले? ती हरवलेल्या लेकराच्या मागे गेली. ज्या दृष्टान्तावर आपण उपदेश करतो तोच तिने केला, आणि त्याबद्दल तिला प्रभूच्या मेजावरून उठवले गेले.

सतरावे वचन तरीही शिल्लक राहते, आणि ते पुसून टाकावे असे माझे म्हणणे नाही. सारे प्रयत्न थकल्यावर तो तुला परराष्ट्रीयासारखा व जकातदारासारखा होवो, असे प्रभूने खरोखरच म्हटले आहे. परंतु हे वचन ज्या शुभवर्तमानात आहे त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तयाला हाक मारतो आणि मग समाजाने पापी ठरवलेल्या पुष्कळ जकातदारांच्या पंक्तीला बसतो. तेव्हा जकातदारासारखा मानणे याचा अर्थ बोलणे टाकणे, घरी जाणे बंद करणे, त्याच्या मयतीलाही न जाणे असा कसा होईल? त्याला मंडळीचा जबाबदार सभासद म्हणून वागवता येत नसेल तर ज्याला पुन्हा पहिल्यापासून बोलवायचे आहे असा माणूस म्हणून वागवावे, इतकाच त्याचा अर्थ होऊ शकतो. आणि या वचनानंतर लगेच पेत्र विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का. आणि सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा, असे उत्तर त्याला मिळते. त्याच्या पाठोपाठ दहा हजार तालान्तांचे देणे माफ झालेल्या आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणाऱ्या चाकराची गोष्ट येते. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, असा हिशोब मांडला तर पहिले देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे होते आणि दुसरे जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांच्या मजुरीचे. शिस्तीची वचने एका बाजूने हरवलेल्या मेंढराने आणि दुसऱ्या बाजूने या हिशोबाने वेढलेली आहेत. मधली तीन वचने तेवढी उचलून बाकीचा अध्याय मिटून ठेवणे म्हणजे प्रभूचे वाक्य अर्ध्यावर तोडणे होय.

हा प्रश्न आपल्यालाच पडला आहे असे नाही. इ. स. २५० मध्ये रोमी सम्राट डेसियस याने सर्व प्रजाजनांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा असे फर्मान काढले. इजिप्तमध्ये असे कित्येक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. मी नेहमीच देवतांना अर्पण करत आलो आहे आणि आताही तुमच्यासमोर केले आहे, असा मजकूर त्यांत असतो. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी अर्पण केला. काहींनी अर्पण न करता अधिकाऱ्याला पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पुढाऱ्याने ठरवले की देवाने त्यांना क्षमा केली तर करो, मंडळीने त्यांना पुन्हा सहभागितेत, म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजाशी, घेऊ नये, आणि त्यासाठी त्याने वेगळी चूल मांडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन हा काही मऊ माणूस नव्हता. छळात टिकून राहिलेल्या तुरुंगातील विश्वासूंच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या आणून सरसकट क्षमा मागणाऱ्यांना त्याने थांबवले होते. तरीही २५१ च्या सभेत त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे नाकारले. प्रत्यक्ष बळी देणारा आणि नुसता दाखला घेणारा, आपण होऊन धावत गेलेला आणि खूप झगडून अखेर हरलेला, यांत फरक करावा, प्रत्येकाची हकीकत स्वतंत्रपणे ऐकावी, असे त्यांनी ठरवले. पुढे पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सगळ्यांनाच त्यांनी सहभागितेत घेतले, कारण ज्यांना लढाईला पाठवायचे त्यांना निःशस्त्र कसे पाठवणार, असा त्यांचा विचार होता.

त्याच काळात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने एका पत्रात सेरापियन नावाच्या म्हाताऱ्याची हकीकत लिहून ठेवली आहे. हा जन्मभर निष्कलंक राहिलेला माणूस छळात पडला, म्हणजे त्यानेही बळी अर्पण केला. त्यानंतर तो वारंवार क्षमा मागत राहिला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. शेवटच्या आजारात तीन दिवस त्याची वाचा बंद होती. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने आपल्या मुलीच्या मुलाला मंडळीच्या वडीलवर्गापैकी एकाला बोलावून आणायला पाठवले. रात्र होती, तो मंडळीचा वडील आजारी होता, त्याला उठून जाता येईना. परंतु मरणाच्या दारी असलेला कोणी मागत असेल तर त्याला नाही म्हणू नये, अशी बिशपची आज्ञा होती. म्हणून त्याने प्रभुभोजनातील भाकरीचा छोटा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात घाल असे सांगितले. मुलाने तसे केले, म्हाताऱ्याने तो गिळला आणि प्राण सोडला. पुढे ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने हाच मार्ग मंडळीचा नियम केला : मरणोन्मुखाला त्याची अखेरची शिदोरी नाकारू नये, आणि नोव्हेशियनच्या पंथातून परत येणाऱ्या धर्मसेवकांनी छळात पडलेल्यांशी सहभागिता राखण्याचे लेखी मान्य करावे. ज्या परिषदेने ठरवलेल्या विश्वासाचा अंगीकार आपण आजही उभे राहून म्हणतो, तिनेच हेही ठरवले आहे.

हे मी विस्ताराने लिहिले याला कारण आहे. आपल्या मंडळ्यांमध्येही एका दाखल्यावरून कुजबूज चालते. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, आणि नंतर १९५६ पासून शीख व १९९० पासून बौद्ध, यांखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा सभासद मानले जात नाही. आपल्या मंडळ्यांतील फार मोठा वर्ग महार आणि मांग समाजातून आलेला आहे. बाप्तिस्म्याने गावाची नजर बदलली नाही, विहीर आणि वस्ती बदलली नाही, परंतु सवलत मात्र गेली. अशा घरातल्या एखाद्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांच्या वेळेपासून हिंदू असे लिहिलेले असते आणि तो शिष्यवृत्तीवर शिकतो. कायद्याच्या दृष्टीने त्यात काय बरोबर आणि काय चूक हे मी येथे सांगत नाही, आणि खोटे बोलावे असेही माझे म्हणणे नाही. जातीचा दाखला घेणे आणि सम्राटाच्या देवतांपुढे बळी देणे या गोष्टी एकच आहेत असे तर मुळीच नाही. परंतु त्या मुलाला तरुण संघाच्या सभेत सर्वांसमोर तू नक्की कोण असे विचारणारे, दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या विधीच्या, वेळी त्याच्या आईबापांना टोमणे मारणारे बहुधा असे असतात, ज्यांच्या घरी दोन पिढ्या मिशनच्या नोकरीवर शिकल्या. सिप्रियनने निदान हकीकत ऐकली होती. विश्वासात दुर्बल असलेल्या भावाविषयी प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्याचा तुझ्या अन्नाने नाश करू नको. हे वचन खाण्यापिण्याच्या वादावर लिहिलेले असले तरी त्याचा रोख बलवानाकडे आहे, आणि आपल्या मंडळ्यांत बलवान कोण आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

नम्रतेविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. नम्र व्हा, असे सांगण्याची आपल्याकडे फार हौस आहे, आणि ते सांगितले जाते ते सुनांना, तरुणांना, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि ज्यांनी तक्रार केली आहे त्यांना. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात गर्विष्ठपणाचा आणि आज्ञाभंगाचा दोष त्यांच्यावर पुन्हा पुन्हा ठेवला गेला. मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, तेव्हा तशाच दुसऱ्या जोखडाखाली मी मान देणार नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी दिले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, दुष्काळात मध्य प्रांतात आणि गुजरातेत जाऊन उपाशी मुली व विधवा आणल्या, ज्या स्त्रियांना समाजाने पतित ठरवले होते त्यांच्यासाठी कृपासदन काढले आणि अंधांसाठी बार्तीमी सदन काढले. नम्रता नेमकी कोणापाशी होती हे त्या इमारतींकडे पाहून ठरवावे. फिलिप्पैकरांच्या दुसऱ्या अध्यायात ज्याने स्वतःला रिक्त केले तो देवाच्या स्वरूपाचा होता. खाली उतरणे हे वर असलेल्याचे काम आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुतो तो प्रभू आणि गुरू आहे, आणि ज्यांचे पाय तो धुतो त्यांच्यात त्याच रात्री त्याला धरून देणारा यहूदा आहे आणि त्याच रात्री त्याला नाकारणारा पेत्रही आहे. पेत्राने कोळशाच्या शेकोटीपाशी उभे राहून तीनदा नाही म्हटले. पुनरुत्थानानंतर प्रभूने त्याला तिबिर्याच्या किनाऱ्यावर कोळशाच्याच विस्तवापाशी आधी न्याहारी दिली, मग तीनदा विचारले, आणि मग आपली मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. पेत्राच्या नावाचे पहिले पत्र वडीलजनांना सांगते की तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण गाजवू नका, कळपाला कित्ता व्हा. हे ज्याच्या तोंडी आहे तो आपल्याइतकाच पडलेला आणि उचललेला मनुष्य आहे, हे त्या वाक्याचे खरे वजन आहे.

माझ्या बोलण्याचा एक विपरीत अर्थ काढला जाऊ शकतो, तो मला आताच टाळायचा आहे. भटकलेल्याची काळजी घ्या याचा अर्थ दुर्बलांना लुबाडणाऱ्याला पाठीशी घाला असा नाही. एखाद्या पदाधिकाऱ्याने मंडळीचे पैसे खाल्ले, एखाद्या शिक्षकाने किंवा पाळकाने मुलांना अथवा स्त्रियांना त्रास दिला, तर क्षमा, नम्रता आणि मंडळीची अब्रू यांच्या नावाखाली ते दडपणे हे जात्याच्या तळीच्या वचनात मोडणारे पाप आहे. तेथे प्रथम त्या मुलाला सुरक्षित करावे, पोलिसांकडे जावे, पद काढून घ्यावे; पश्चात्तापाचे आणि भेटीचे काम त्यानंतरही करता येईल, पण ते पीडिताच्या पाठीवर बसून होऊ नये. यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय मेंढपाळांना दोष देतो की तुम्ही दुर्बलांना बळ दिले नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, हाकून दिलेल्यांना परत आणले नाही. आणि त्याच अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांचाही न्याय करतो, कारण ती खांद्याने व कुशीने रेटून आणि शिंगे मारून अशक्त मेंढरांना पार पांगवतात. पुष्कळ मेंढरे आपण होऊन भटकत नाहीत. त्यांना रेटून बाहेर काढले जाते आणि मग त्यांच्या नावापुढे भटकले असे लिहिले जाते.

तेव्हा माझी प्रत्यक्ष मागणी काय आहे ते सांगते. कोणाही सभासदाच्या अपराधाविषयी वेदीवरून एक शब्दही उच्चारण्यापूर्वी त्याला एकांतात कोण भेटले, नंतर दोघेतिघे कोण गेले, त्याने काय सांगितले, याची नोंद कमिटीपुढे असलीच पाहिजे. ती नसेल तर विषय चर्चेला घेऊ नये. मुलाच्या किंवा मुलीच्या निर्णयासाठी आईबापांना, नवऱ्याच्या दारूसाठी बायकोला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची रीत ताबडतोब बंद व्हावी, कारण तिला शास्त्रात कोठेही आधार नाही. वर्गणी थकली म्हणून मयताच्या दफनात अडचण आणल्याचे मी पाहिले आहे; दुःखाच्या घरी पावतीपुस्तक घेऊन जाणाऱ्या मंडळीबद्दल मी आणखी काही लिहू इच्छित नाही. ज्याला सहभागितेतून थांबवले आहे त्याला ते किती काळासाठी हे सांगितलेले असावे, आणि त्या काळात त्याच्याकडे जाण्यासाठी एक माणूस नावानिशी नेमलेला असावा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी केलेल्या नियमात असे आहे की शिक्षा झालेल्या बंधूकडे मठाधिपतीने सूज्ञ, वयस्क बंधू गुपचूप पाठवावेत, त्यांनी त्याला धीर द्यावा, म्हणजे तो अतिदुःखात बुडून जाणार नाही. हे शेवटचे शब्द पौलाचे आहेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो लिहितो की बहुमताने दिलेली शिक्षा त्या माणसाला पुरे झाली, आता त्याला क्षमा करा आणि त्याचे सांत्वन करा. शिक्षा पुरे झाली असे म्हणणारा ठराव आपल्या मंडळ्यांच्या कामकाजाच्या वह्यांत क्वचितच सापडतो. शिक्षेचा ठराव सापडतो, आणि नंतरची पाने त्याविषयी गप्प असतात.

आपल्यापैकी अनेक पाळक तुटपुंज्या पगारावर, दोन-दोन तीन-तीन मंडळ्या सांभाळत, रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे आणि मयतीच्या घरी धावत असतात हे मी जाणते, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पूर्वी ज्या बायबलबाया वाड्यावस्त्यांतून पायी फिरत, बाळंतिणीपाशी बसत, भांडलेल्या जावांना एकत्र आणत, त्यांचे काम आता कोणाकडेच राहिलेले नाही, आणि त्याची पोकळी एकट्या पाळकाने भरून निघणार नाही. म्हणून हे पत्र पाळकसाहेबांइतकेच, किंबहुना त्यांच्यापेक्षा अधिक, वडीलजनांना आणि कमिटीच्या सभासदांना आहे.

लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होण्याआधी प्रत्येक मंडळीत कमिटीची बैठक होतेच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून गेल्या पाच वर्षांत सभासदांच्या रजिस्टरमधून कमी झालेली आणि गैरहजर म्हणून नोंदलेली नावे ठेवावीत. मत्तयाचा अठरावा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावा, आणि मग एकेक नाव घेऊन त्यापुढे कोण भेटायला गेले होते आणि कोणी गेले नसेल तर आता कोण जाणार, हे लिहावे. महिला मंडळातील आम्ही काही जणी या भेटींसाठी वेळ द्यायला तयार आहोत. यादी हाती आली की आम्ही कामाला लागू.

आपली नम्र,
मराठी मंडळीतील एक सभासद